एकशेतीसच्या आसपास

देशांची क्रमवारी लावणारा मानव विकास अहवाल प्रसिद्ध झाला की आपल्याकडे बातमी ठरलेली असते : भारत एक पायरी वर, किंवा दोन पायऱ्या खाली. २०१५ च्या अहवालात भारत १३० वा होता. पुढे १३१, १२९, १३२, १३४ असे आकडे येत गेले आणि २०२५ च्या अहवालात पुन्हा १३०. दहा वर्षांत आपण जागचे हललोच नाही, असे कुणालाही वाटेल. तसे झालेले नाही. पण अस्वस्थ व्हावे असे या आकड्यांत पुष्कळ आहे.

१९९० साली पाकिस्तानचे माजी अर्थमंत्री महबूब उल हक यांनी अमर्त्य सेन यांच्यासारख्या मित्रांना हाताशी धरून हा अहवाल सुरू केला. आयुष्य, शिक्षण आणि उत्पन्न या तिन्हींचा मिळून एकच आकडा काढण्याला सेन आधी राजी नव्हते. एवढे मोठे जगणे एका आकड्यात बसवणे त्यांना पटत नव्हते. हक यांचे म्हणणे, राष्ट्रीय उत्पन्नाच्या आकड्यासमोर तितकाच सोपा आकडा उभा केल्याशिवाय कुणी ऐकणार नाही. पस्तीस वर्षांनंतर हक यांचेच खरे ठरलेले दिसते.

१९९० मध्ये जन्मलेल्या भारतीय बाळाचे अपेक्षित आयुर्मान ५८.६ वर्षे होते. २०२३ मध्ये ते ७२ झाले. शाळेत जाऊ लागलेले मूल तेव्हा सरासरी ८.२ वर्षे शिकेल असा अंदाज होता, आता १३. मधे कोविडने आयुर्मान ६७.२ पर्यंत खाली ओढले होते, तेही भरून निघाले. ही वाढ क्रमांकात दिसत नाही, कारण बाकीचे देशही थांबलेले नाहीत. १९९० मध्ये चीन आपल्याहून थोडाच पुढे होता, २०२५ च्या अहवालात तो ७८ वा आहे. श्रीलंका ८९ वी. तिथे मोफत शिक्षणाचा निर्णय १९४० च्या दशकातच झाला होता. दीर्घ यादवी आणि २०२२ ची दिवाळखोरी सोसूनही त्या पायावरची इमारत उभी आहे.

मला मात्र सर्वांत जास्त बोचते ती बांगलादेशाची तुलना. २०२५ च्या अहवालात तो देश आपल्याच शेजारी, १३० व्याच क्रमांकावर आहे. दरडोई उत्पन्न आपल्याहून कमी, आयुर्मान मात्र अडीचेक वर्षांनी जास्त. हे कसे झाले?

१९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव इथल्या छावणीत कॉलरा पसरला. शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पाजायला सुरुवात केली आणि मृत्यूचे प्रमाण झपाट्याने खाली आले. ही छावणी पश्चिम बंगालमध्ये, आपल्या भूमीवर होती. पण १९८० च्या दशकात ब्रॅक या संस्थेच्या स्त्री-कार्यकर्त्या बांगलादेशात खेडोपाडी, दारोदार गेल्या. चिमूटभर मीठ, मूठभर गूळ आणि पाणी यांचे द्रावण त्यांनी एक कोटीहून जास्त घरांतल्या आयांना करायला शिकवले. आईला ते किती नीट आठवते, यावर कार्यकर्तीचा मोबदला ठरे. अतिसाराने मरणारी मुले वाचली, त्यात या दारोदार हिंडण्याचा वाटा मोठा आहे.

महाराष्ट्राने २००२ मध्ये स्वतःचा मानव विकास अहवाल काढला. त्यात जिल्ह्यांमध्ये मुंबई पहिली, गडचिरोली शेवटची. २०१२ च्या अहवालातही मुंबईच पहिली. तळाला नंदुरबार आणि त्याच्या लगेच वर गडचिरोली. देशाच्या क्रमांकावर वाद घालणाऱ्यांनी राज्यातली ही दरी आधी पाहावी, असे मला आवर्जून वाटते.

त्याच गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवले. त्या गावांतले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. तो निष्कर्ष १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये छापून आला. केंद्र सरकारने ही पद्धत देशभर स्वीकारली २०११ मध्ये, आशा कार्यकर्तींच्या हातून. मधे बारा वर्षे गेली. आणि ज्या आशाच्या पायपिटीवर आपले आयुर्मान वाढते आहे, ती अजून सरकारी कर्मचारी नाही. मानधन वाढवून घेण्यासाठी तिला मुंबईत आझाद मैदानावर येऊन बसावे लागते.