पॉइंट मुलाचे, मुक्काम आईचा

धानोऱ्यात बसून विमानाच्या तिकिटावर लिहायचं म्हणजे काहींना गंमत वाटेल. पण आपल्या नंदुरबारकडच्या गावांतूनही आता मुलंमुली परदेशी आहेत आणि बाळंतपण आलं की आईला बोलावणं येतंच. तिकीट मुलं काढतात. आई पासपोर्ट देते आणि लाडू वळायला बसते.

आमच्या बचत गटातल्या एक काकू गेल्या वर्षी अशाच निघाल्या होत्या. लेक न्यू जर्सीत, बाळंतपण तिचंच. मुलगा शिकागोला. आणि धाकटी बहीण अबूधाबीत आपल्या मुलाकडे. हृदयाचं ऑपरेशन झाल्यापासून तिचं इकडे येणं थांबलेलं, दोघींची सहा वर्षांत भेट नाही. मुलगा फोनवर म्हणाला, "आई, माझे पॉइंट साठलेत, तुझं तिकीट त्यातच काढतो. न्यूयॉर्कला जाऊन-येऊन." काकू 'बरं' म्हणाल्या. फुकटच्या तिकिटात आणखी काय मागायचं, म्हणून बहिणीचं नावसुद्धा काढलं नाही.

आता हे 'फुकट' म्हणजे काय ते बघू. एकाच कंपनीच्या विमानाने सारखा प्रवास केला किंवा तिचं क्रेडिट कार्ड वापरलं की खात्यात पॉइंट जमतात. एअर इंडियाच्या अशा योजनेचं नाव पूर्वी फ्लाइंग रिटर्न्स होतं, आता महाराजा क्लब आहे. या पॉइंटांवर तिकीट मिळतं, वरचे कर मात्र रोख भरावे लागतात. म्हणजे पुरतं फुकट नाहीच. शिवाय पॉइंट जपून ठेवण्यातही अर्थ नाही. 2012 साली किंगफिशरची विमानं थांबली, तेव्हा लोकांचे साठवलेले पॉइंट खात्यातच राहून गेले.

आता मुद्द्याचं. आपल्या रेल्वेत ब्रेक जर्नीची सोय आहे, ती किती जणींना माहीत असते? 500 किलोमीटरपेक्षा लांबचं तिकीट असेल, तर पहिले 500 किलोमीटर झाल्यावर वाटेत दोन दिवस उतरता येतं. नंदुरबारहून ताप्ती-गंगाने काशीला निघालेल्या बाईला जबलपूरला उतरून भेडाघाट बघता येतो. राजधानी, शताब्दीसारख्या गाड्यांना हे चालत नाही, आणि तिकीट काढतानाच खिडकीवर सांगायला हवं. विमानाचंही असंच आहे. परदेशच्या प्रवासात वाटेतल्या शहरात 24 तासांपेक्षा जास्त थांबलं की त्याला स्टॉपओव्हर म्हणतात. त्याहून कमी असेल तर ते नुसतं विमान बदलणं.

दुसरा प्रकार ओपन-जॉ. जायचं एका शहरात, परतायचं दुसऱ्याच शहरातून. मधला प्रवास आपला आपण करायचा. नकाशावर रेघ ओढली तर तोंड उघडं राहिल्यासारखं दिसतं, म्हणून हे नाव. बऱ्याच योजनांत जाण्याचे आणि येण्याचे पॉइंट वेगवेगळे मोजतात, त्यामुळे लेकीच्या गावी उतरून मुलाच्या गावाहून परत निघालं तरी काही बिघडत नाही. दोन शहरांत दोन लेकरं असलेल्या आईसाठीच जणू कोणी हे काढलंय!

स्टॉपओव्हरचे नियम मात्र प्रत्येक कंपनीचे निराळे. काहींत तो मिळतच नाही. एअर कॅनडाच्या एरोप्लॅन योजनेत एका बाजूच्या प्रवासात 5,000 पॉइंट जादा देऊन एक मुक्काम घेता येतो, पण अमेरिका आणि कॅनडात नाही. म्हणून मुलाकडचे दिवस ओपन-जॉमध्ये बसवायचे आणि मुक्काम वाटेतल्या तिसऱ्या देशात ठेवायचा. हे सगळं तिकीट निघण्याआधी. नंतर बदल करायचा तर दंड पडतो, किंवा पॉइंटांच्या जागाच उरलेल्या नसतात. या जागा थोड्याच असतात, म्हणून साधारण अकरा महिने आधीपासून शोधायला लागायचं.

काकूंचं कळल्यावर मीच त्यांच्या मुलाला फोन लावला. (गावात समाजकार्य करणाऱ्या बाईला अशी नसती उठाठेव माफ असते.) तो म्हणाला, "ताई, आई बोललीच नाही कधी!" खरंच आहे, बोलल्याच नव्हत्या.

मग आखणी झाली. बहिणीकडे जाताना थांबायचं की येताना? मी म्हटलं, येताना. जाताना बाळंतपणाची तारीख डोक्यावर असते, बॅगा गच्च भरलेल्या असतात. मुक्काम 24 तासांच्या वर गेला की सामान तिथेच हातात येतं आणि पुन्हा नव्याने द्यावं लागतं. एकट्या बाईने 23 किलोच्या दोन बॅगा ओढत फिरायचं म्हणजे कठीणच.

व्हिसाचं बघणंही आलं. लंडनला बाहेर पडून दोन रात्री राहायचं तर ब्रिटनचा व्हिसा वेगळा काढावा लागतो. अबूधाबीचं त्यामानाने सोपं, कारण अमेरिकेचा निदान सहा महिने चालू असलेला व्हिसा पासपोर्टवर असला की आपल्याला तिथे उतरल्यावर पैसे भरून व्हिसा मिळतो. नियम बदलत राहतात, निघण्याआधी पुन्हा विचारायचं. तिकिटावरचं नाव पासपोर्टसारखं आहे का, तेही बघायचं. पासपोर्टवर लग्नाआधीचं आडनाव आणि तिकिटावर सासरचं, असं झालं की विमानतळावर अडवतात. आणि एक टप्पा न कळवता चुकवला की पुढचं सगळं तिकीट रद्द होतं. नातवापाशी मन रमलं तरी विमान सोडायचं नाही!

धानोऱ्याला मुंबईपेक्षा सुरत जवळ, तेव्हा शेवटचा टप्पा सुरतेपर्यंत मिळतो का हेही मी विचारायला लावलं. त्या तारखेला जागा नव्हती, मुंबईवरच भागवावं लागलं.

शेवटी तिकीट असं निघालं: मुंबईहून न्यूयॉर्क, परत शिकागोहून, मधे अबूधाबीला दोन रात्री. लेकीकडून मुलाकडे जायचं विमान त्याने पैसे भरून वेगळं काढलं. काकूंनी बहिणीसाठी ज्वारीचे बिबडे बांधून घेतले. ते बिचारे आधी अमेरिका फिरले, लेकीच्या घरून मुलाच्या घरी गेले आणि अडीच महिन्यांनी अबूधाबीत तळले गेले. निम्मे मोडले होते म्हणे. दोघी बहिणींनी चुरा वाटीत घेऊन चमच्याने खाल्ला.