मूठ फिरवून मोबाईल चार्ज : हिशेब काय सांगतो?



अलीकडे गट कार्यालयात एक प्रश्न वरचेवर विचारला जातो. मूठ फिरवून मोबाईल चार्ज करण्याचे छोटे यंत्र बाजारात मिळते. 'वीज नको, ऊन नको, नुसती मूठ फिरवा' अशी त्याची जाहिरात असते. "साहेब, हे घ्यावं का? पुरात उपयोगी पडंल का?" असे सभासद विचारतात.

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांत कोल्हापूर-सांगली भागातील अनेक गावे अंधारात होती. माडीवर अडकलेल्या माणसाच्या हातात फोन असतो, पण फोनमध्ये जीव नसतो. मग बोट बोलवायची कशी आणि पाहुण्यांना खुशाली कळवायची कशी? एरवीसुद्धा रात्रीच्या विजेवर उसाला पाणी पाजणारे आपण आता मोटार फोनवरून चालू-बंद करतो. तेव्हा या यंत्राचा हिशेब एकदा नीट मांडून पाहू.

माणसाच्या अंगात ताकद किती?

काम करण्याची ताकद वॅटमध्ये मोजतात. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. औताला चालणारा चांगला बैल साधारण अर्धी अश्वशक्ती देतो. माणूस त्या मानाने फारच कमी. निरोगी माणूस सायकलचे पायडल मारीत राहिला तर तासभर ७५ वॅटच्या आसपास ताकद देऊ शकतो. मांड्यांचे स्नायू शरीरात सर्वांत मोठे, म्हणून पायाने एवढे जमते. हाताने कमी जमते, आणि मुठीत मावणाऱ्या लहान यंत्राने तर त्याहून कमी. अशा यंत्रातून निघणारी वीज नेटाने फिरवले तरी पाच वॅट धरावी. हात भरून आला की तीही निम्म्यावर येते.

जुन्या गुऱ्हाळावर चरकाला बैलजोडी का जुंपत, हे वडीलधाऱ्यांना सांगायला नको. माणसे नव्हती म्हणून नव्हे, तर माणसाच्या बळावर ते काम परवडत नव्हते म्हणून. मोबाईलच्या बाबतीत हिशेब तोच आहे, फक्त आकडे लहान आहेत.

फोनची भूक किती?

आजच्या मोठ्या पडद्याच्या फोनमध्ये बहुधा ५००० एमएएचची बॅटरी असते. तिच्यात सुमारे १९ वॅट-तास वीज मावते. एक वॅटचे काम एक तास चालले की एक वॅट-तास झाला. चार्ज होताना काही वीज उष्णतेत वाया जाते. म्हणून रिकामा फोन पूर्ण भरायला साधारण २५ वॅट-तास लागतात असे धरू.

आता पाच वॅटचे हातयंत्र घ्या. २५ वॅट-तासांसाठी ते पाच तास न थांबता फिरवावे लागेल. जाहिरातीत हे छापलेले नसते! दहा मिनिटे फिरवले तर बॅटरी तीन टक्क्यांच्या आसपास वाढते. घाम आला म्हणून फोन भरला, असे होत नाही.

सायकलच्या दिव्याचा डायनॅमो बऱ्याच जणांना आठवत असेल. तो ६ व्होल्ट, ३ वॅटचा असे. मधे योग्य जोडणी बसवून त्याच्यावर फोन लावला, तर पूर्ण भरायला आठ तासांवर सायकल चालवावी लागेल. ताशी १५ किलोमीटर धरले तर हे १२० किलोमीटर झाले.

जागेवर उभ्या केलेल्या सायकलला चांगला जनित्र-संच जोडला तर मात्र ४० वॅटपर्यंत वीज निघू शकते. म्हणजे ४० मिनिटे पायडल मारल्यावर एका फोनपुरती वीज होते. तरुण मंडळाची पोरे पाळीपाळीने बसली तर हे जमण्यासारखे आहे.

मजुरीचा हिशेब

एक युनिट म्हणजे १००० वॅट-तास, म्हणजे चाळीस फोन भरण्याइतकी वीज. युनिटचा दर आठ रुपये धरला तर एका फोनला वीस पैसे पडतात.

उलट बाजूने पाहा. एक माणूस दिवसाचे आठ तास पायडल मारत बसला आणि ४० वॅट वीज निघाली, तर दिवसभरात ३२० वॅट-तास होतात. युनिटचा तिसरा हिस्सासुद्धा पुरता नाही. किंमत अडीच रुपये! एवढ्या मजुरीवर कोण कामाला येईल?

आणि माणूस काही हवेवर चालत नाही. खाल्लेल्या अन्नातल्या उष्णतेपैकी साधारण चौथा हिस्सा स्नायू कामात उतरवतात, बाकीचा अंग तापण्यात जातो. त्यातून पुढे जनित्रात तूट येते. एक ग्रॅम साखर चार किलोकॅलरी उष्णता देते. त्या हिशेबाने वरच्या ३२० वॅट-तासांसाठी सुमारे ४५० ग्रॅम साखरेइतके अन्न खर्ची पडते. साखर चाळीस रुपये किलो धरली तरी अठरा रुपयांची साखर जाळून अडीच रुपयांची वीज झाली. साखरेचा खप वाढेल हे खरे, पण धंदा बुडीत!

त्यापेक्षा आपल्या शेतातला ऊस बरा. एक टन उसापासून २८० ते ३०० किलो बगॅस निघतो. उच्च दाबाच्या बॉयलरवर चालणाऱ्या सहवीज प्रकल्पात टनामागे शंभर युनिटांच्या आसपास वीज होते. त्यातली काही कारखान्याला लागते, उरलेली विकता येते. म्हणजे किलोभर उसाच्या बगॅसवर चार फोन भरतात, आणि रस साखरेसाठी शिल्लक राहतो तो वेगळाच.

मग ही कल्पना निरुपयोगी आहे काय?

तसेही नाही. ज्याची भूक लहान, त्याला माणसाचे बळ पुरते. ट्रेव्हर बेलिस या इंग्रज संशोधकाला १९९१ मध्ये चावी देऊन चालणाऱ्या रेडिओची कल्पना सुचली. आफ्रिकेतील एड्सच्या साथीवरचा दूरचित्रवाणी कार्यक्रम पाहताना त्याच्या मनात आले की, जिथे वीज नाही आणि बॅटरीचे सेल परवडत नाहीत, तिथे आरोग्याची माहिती रेडिओवरून पोचवता येईल. पुढे दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनला असे रेडिओ तयार होऊ लागले आणि ते चालले. कारण लहान रेडिओला एक वॅटही लागत नाही.

याच्या उलट गोष्ट लॅपटॉपची. २००५ मध्ये ट्युनिस येथील जागतिक परिषदेत गरीब देशांतील मुलांसाठी मूठ फिरवून चालणारा हिरवा लॅपटॉप दाखवण्यात आला. संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे सरचिटणीस कोफी अन्नान यांनी मूठ फिरवली आणि ती हातातच निखळून आली. पुढे प्रत्यक्ष वाटपासाठी जे लॅपटॉप बनले त्यांना ही मूठ नव्हती.

तिसरे उदाहरण सायकलचे. नोकिया कंपनीने २०१० मध्ये नैरोबीत सायकलवर बसवायचा चार्जर जाहीर केला. ताशी दहा किलोमीटरने दहा मिनिटे सायकल चालवली की सुमारे २८ मिनिटे बोलता येईल, असे कंपनीने सांगितले होते. तो आकडा बटणांच्या साध्या फोनचा होता. त्याची बॅटरी तीन-साडेतीन वॅट-तासांची, म्हणजे आजच्या फोनच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाची. आज ती भूक पाच-सहा पट झाली, पण माणसाचे मनगट तेवढेच राहिले. खरी अडचण इथे आहे.

घरात काय ठेवावे?

पूर आणि वीजबंदी डोळ्यांपुढे ठेवून आमची शिफारस अशी :

१) जुना बटणांचा फोन टाकून देऊ नका. कार्ड घालून महिन्यातून एकदा चार्ज करून ठेवा. नुसते बोलण्यापुरता वापरला तर तो काही दिवस टिकतो.

२) दहा हजार एमएएचची पॉवर बँक पावसाळ्यात भरून ठेवा. तिच्यात ३७ वॅट-तास वीज असते. मोठा फोन साधारण दीड वेळा भरतो.

३) दारातला ट्रॅक्टर हीच मोठी पॉवर बँक आहे. १२ व्होल्ट, ८८ अँपिअर-तासाच्या बॅटरीत हजार वॅट-तासांहून जास्त वीज असते. निम्मी ट्रॅक्टर सुरू करण्यासाठी राखली तरी वीस फोन भरतात. बारा व्होल्टवर चालणारा गाडीचा चार्जर मात्र जवळ हवा. पाणी चढू लागले की ट्रॅक्टर वेळीच उंचावर न्या.

४) वीस वॅटचे लहान सौर पॅनेल उन्हात दिवसाला दोन-तीन फोन भरते. भर पावसात त्यावर फार विसंबू नये.

५) हे सगळे झाल्यावर मुठीचे यंत्र घ्यायचे तर रेडिओ आणि बॅटरी दिवा असलेले घ्या. मिनिटभर फिरवले तर लहान एलईडी दिवा चार-पाच मिनिटे चालतो. रेडिओवर धरणाच्या विसर्गाच्या आणि पावसाच्या बातम्या कळतात. आणि अगदीच निकड आली, तर दहा मिनिटांच्या मेहनतीत पंधरा-वीस मिनिटे बोलण्याइतकी वीज मिळते. एक जीव वाचवायला तेवढे पुरे होते. मात्र मोठा फोन पूर्ण बंद पडू देऊ नका. तो पुन्हा सुरू होण्यातच बरीच वीज खातो, आणि मूठ थांबत-थांबत फिरली तर चार्जिंगही तुटत राहते. यंत्राच्या आत लहान बॅटरी असते. ती मरू नये म्हणून दोन-तीन महिन्यांतून एकदा फिरवून पाहावे.

शेवटी एक विनंती. आपला ऊस तोडायला येणाऱ्या मजूर कुटुंबांच्या खोपटांवर बहुधा वीज नसते. गावाकडे ठेवलेल्या म्हाताऱ्या आईबापांची आणि शाळेतल्या लेकरांची खबर त्यांना फोनवरच कळते. तो फोन भरायला त्यांना काही ठिकाणी दुकानात पाच-दहा रुपये मोजावे लागतात. वीज मात्र वीस पैशांची! हंगामात आपल्या वस्तीवरच्या बोर्डावर त्यांचे चार फोन लावू दिले तर महिन्याच्या बिलात कळणारही नाही. दिवसभर कोयता चालवलेल्या हाताला रात्री मूठ फिरवायला लावू नये. सभासदांनी याचा जरूर विचार करावा.