कूलंट वारंवार कमी होते? इंजिन उघडण्यापूर्वी दाब तपासा

जबलपूर : मोटारीतील कूलंटची पातळी वारंवार खाली जात असेल, तर टाकीत भर घालत राहणे हा उपाय ठरत नाही. शीतकरण यंत्रणा बंदिस्त असते आणि त्यातील द्रव इंधनाप्रमाणे खर्च होत नाही. त्यामुळे पातळी घटत असल्यास तो बाहेर गळत असतो किंवा इंजिनाच्या आत शिरत असतो. यांपैकी नेमके काय घडते, हे यंत्रणेतील दाबावरून कळते. दुरुस्ती एका झाकणापुरती राहणार की इंजिनाचे हेड उतरवावे लागणार, हेही त्यावरच ठरते.

जबलपूरचे वाहनांशी नाते जुने आहे. येथील वाहन निर्माणी १९६९ मध्ये स्थापन झाली. लष्कराच्या ‘जोंगा’ गाडीचे नावही ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली’ या शब्दांच्या आद्याक्षरांवरून पडले. उन्हाळ्यात शहराचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते, तर नागपूरच्या मार्गावर सिवनीच्या पुढे कुरईचा घाट लागतो. कडक ऊन, चढ आणि एसीचा भार एकत्र आला की तोवर लपून राहिलेला दोष तापमानाच्या काट्यावर दिसू लागतो.

दाब वाढला की द्रवाचा उत्कलनबिंदू वाढतो, या तत्त्वावर ही यंत्रणा चालते. निम्मे पाणी आणि निम्मे इथिलीन ग्लायकॉल यांचे मिश्रण उघड्या भांड्यात सुमारे १०७ अंशांना उकळते. सुमारे १ बार जादा दाबाखाली ते १२५ अंशांच्या पुढेही द्रवरूप राहते. हा दाब झाकणातील स्प्रिंगची झडप राखते. झडप सैल झाली, तर कूलंट वेळेआधी उकळून बाहेर पडते. थंड झाल्यावर हवा आत घेणारी दुसरी झडप अडकली, तर रबरी होज पाईप चपटा होतो. त्यामुळे सर्वप्रथम झाकण तपासणे स्वस्त आणि शहाणपणाचे ठरते.

पुढची पायरी दाबचाचणीची. थंड इंजिनावर हातपंप जोडून झाकणावर नमूद केलेल्या मर्यादेइतका दाब दिला जातो आणि १० ते १५ मिनिटे काट्याकडे लक्ष ठेवले जाते. दाब उतरू लागल्यास रेडिएटर, होजचे सांधे आणि वॉटर पंप तपासावेत. डॅशबोर्डखालचा गालिचा ओला असेल, काचेवर चिकट धुके साचत असेल किंवा गोडसर वास येत असेल, तर हीटरच्या जाळीत गळती असू शकते. गाडीखाली टपकणारे रंगहीन पाणी मात्र बहुधा एसीचे असते. कूलंट रंगीत आणि चिकट असते.

बाहेर कोठेही ओल नसताना दाब उतरत असेल, तर संशय हेड गॅस्केटवर जातो. थंड इंजिन सुरू करताच एक-दोन मिनिटांत वरचा होज दगडासारखा कडक होणे, ही महत्त्वाची खूण आहे. कूलंट तापलेले नसताना एवढा दाब येतो, तो सिलिंडरमधील वायूमुळे. त्याची खातरजमा रासायनिक चाचणीने होते: टाकीतील वाफ निळ्या द्रवातून सोडल्यावर तो पिवळसर पडला, तर ज्वलनवायू कूलंटमध्ये मिसळत असल्याचे समजते.

एकाच लक्षणावरून निष्कर्ष काढणे महागात पडू शकते. हिवाळ्यातील सकाळी सायलेन्सरमधून निघणारी पांढरी वाफ थोड्या वेळात थांबत असेल, तर ती सामान्य असते. ऑईलच्या झाकणाखालचा दुधी थर केवळ छोट्या फेऱ्यांमुळेही साचतो. मात्र डिपस्टिकवरील तेलच दुधाळ दिसल्यास इंजिन सुरू करू नये. कूलंट बदलल्यानंतर दिसणारे बुडबुडे अडकलेल्या हवेचेही असू शकतात.

काटा लाल खुणेकडे सरकल्यास एसी बंद करून गाडी सुरक्षित ठिकाणी थांबवावी आणि इंजिन बंद करावे. गरम इंजिनाचे झाकण उघडू नये. दाब सुटताच द्रव उसळून गंभीर भाजण्याचा धोका असतो. अडचणीच्या वेळी, इंजिन थंड झाल्यावर साधे पाणी घालता येते; मात्र क्षारयुक्त पाणी कायम वापरल्यास रेडिएटरच्या नळ्यांत थर साचतो. इथिलीन ग्लायकॉल विषारी असून चवीला गोड असल्याने सांडलेले कूलंट मुले आणि जनावरांपासून दूर ठेवून लगेच पुसून घ्यावे.