बॉक्समध्ये होता, मग आऊट कसा?

"अहो, तो बॉक्समध्येच उभा होता ना? मग आऊट कसा?" बॅटरला इंटरफिअरन्ससाठी, म्हणजे कॅचरच्या कामात आडवं आल्याबद्दल बाद दिलं की बेसबॉलच्या मैदानाभोवती हा सवाल हमखास उठतो. मुलाच्या लिटल लीगच्या सामन्याला जाळीशी उभे राहिलेले मराठी पालक तो विचारतात, जन्मभर बेसबॉल बघत आलेले शेजारचे अमेरिकन आजोबा विचारतात, आणि शाळेच्या संघाचे प्रशिक्षक तर थेट पंचांच्या तोंडावर विचारतात. सगळ्यांचा समज एकच: होम प्लेटच्या दोन्ही बाजूंना चुन्याने आखलेला तो चौकोन म्हणजे पकडापकडीतली 'टाइम प्लीज'ची जागा. आत पाय असले की कोणी हात लावू शकत नाही. समज इतका पक्का आहे की नियम उघडून दाखवला तरी माणसं म्हणतात, "तसं असेल, पण खेळात असंच चालतं." नाही चालत. व्यावसायिक लीगमध्ये नाही, कॉलेजात नाही, हायस्कुलात नाही आणि बारा वर्षांच्या मुलांतही नाही.

आधी जागा नीट डोळ्यांसमोर आणू. मोठ्यांच्या बेसबॉलमध्ये बॅटरचा चौकोन चार फूट रुंद आणि सहा फूट लांब असतो, आणि तो प्लेटपासून फक्त सहा इंचांवर असतो. प्लेटच्या मागे कॅचर उकिडवा बसलेला. पहिल्या बेसवरचा रनर दुसरा बेस चोरायला निघाला की कॅचरला चेंडू पकडून, उठून, तो सव्वाशे फुटांहून थोडा लांब दुसऱ्या बेसवर पोचवायचा असतो. मेजर लीगमधल्या कॅचरना या सगळ्याला मिळून सरासरी दोन सेकंदांच्या आसपास वेळ लागतो. चोरी साधली की फसली, याचा निकाल बहुधा सेकंदाच्या दहाव्या भागाने लागतो. अशा वेळी बॅटरने जोरात बॅट फिरवली, चेंडू हुकला, तोल गेला आणि त्याचा खांदा प्लेटवर झुकला, तर कॅचरला फेकताना हात आखडता घ्यावा लागतो किंवा अर्धं पाऊल बाजूला टाकावं लागतं. रनर तेवढ्यात पोचतो. या सगळ्यात बॅटरचे दोन्ही पाय चौकोनातच असू शकतात.

अधिकृत नियमपुस्तकातला ६.०३(ए)(३) हा नियम नेमका इथे लागू होतो. त्यात बॅटर बाद होण्याचे दोन मार्ग सांगितलेत. चौकोनाबाहेर पाऊल टाकून त्याने कॅचरच्या पकडण्यात किंवा फेकण्यात अडथळा आणला तर तो बाद. किंवा होम प्लेटवरच्या खेळाला अडथळा होईल अशी दुसरी कोणतीही हालचाल केली तर तो बाद. लोकांच्या डोक्यात पहिला मार्ग राहतो आणि दुसरा गळून पडतो. मग त्या अर्ध्या नियमाचं उलट वाचन होतं: बाहेर पडला तर बाद, म्हणजे आत असला तर सुरक्षित. पहिल्या वाक्यातून दुसरं निघत नाही, हे शाळेतल्या मुलालाही कळेल. हायस्कूलचं नियमपुस्तक तर आणखी स्पष्ट आहे. प्लेटवर वाकणं, चौकोनाबाहेर पडणं, बॅटच्या पुढच्या झोक्यासकट अडथळा आणणारी इतर कोणतीही हालचाल, आणि वेळ असूनही प्लेटजवळची गर्दीची जागा मोकळी न करणं, अशा चार गोष्टी त्यात वेगवेगळ्या मांडल्या आहेत. त्यांतली चौकोनाबाहेर पडणं ही एकच. उरलेल्या तिन्ही गोष्टी चौकोनात राहूनही करता येतात.

यावर दुसरा आक्षेप लगेच येतो: "पण त्याने मुद्दाम कुठे केलं?" हा आक्षेप घेणाऱ्या आपल्या लोकांना मी फार दोष देणार नाही, कारण क्रिकेटने आपल्याला तेच शिकवलंय. क्रिकेटच्या सदतिसाव्या नियमात क्षेत्ररक्षणाला अडथळा आणल्याबद्दल फलंदाज बाद होतो तो अडथळा जाणूनबुजून असेल तरच. म्हणून २०१५ साली लॉर्ड्सवर बेन स्टोक्सने मिचेल स्टार्कची फेक हाताने अडवली तेव्हा सगळा वाद एकाच गोष्टीभोवती फिरला, हात मुद्दाम गेला की अंगावर येणारा चेंडू बघून आपोआप वर आला. बेसबॉलमध्ये बॅटरच्या हालचालीने कॅचर अडला, तर हा प्रश्नच विचारायचा नसतो. नियम लिहिणाऱ्यांना हेतू हवा असता तर त्यांनी तो लिहिला असता. त्याच प्रकरणात, फाऊल गेलेल्या चेंडूची दिशा बॅटरने किंवा रनरने मुद्दाम बदलली तर तो बाद, असा नियम आहे आणि तिथे 'मुद्दाम' हे स्पष्ट लिहिलंय. ६.०३(ए)(३) मध्ये ते नाही. कारणही व्यवहारी आहे. पंचाच्या हातात दोन सेकंद, समोर तोल गेलेला बॅटर, आणि हा तोल खरोखर गेला की पहिल्या बेसवरच्या सोबत्याला मदत म्हणून घालवला, हे ठरवायचं कसं? हेतूची अट घातली तर प्रत्येक चोरीच्या वेळी बॅटर जोरात हुकवून प्लेटवर झुकेल आणि वर म्हणेल, माझा काय दोष? म्हणून नियम परिणाम बघतो. बॅट फिरवायचं स्वातंत्र्य तुझं आहे, तर तोल सांभाळायची जबाबदारीही तुझी.

आता विरुद्ध बाजूचा सगळ्यात वजनदार पुरावा घेऊ, कारण तो टाळून पुढे जाणं लबाडी होईल. १४ ऑक्टोबर २०१५, टोरंटो. ब्लू जेज आणि टेक्सास रेंजर्स यांच्यातला मालिकेचा निर्णायक सामना, सातव्या इनिंगमध्ये २-२ अशी बरोबरी. टेक्सासचा रुग्नेद ओडोर तिसऱ्या बेसवर. टोरंटोचा कॅचर रसेल मार्टिन चेंडू पिचरकडे सहज परत फेकायला गेला, तो बॅटर शिन-सू चूच्या बॅटला लागून घरंगळला, आणि ओडोर धावत होम प्लेटवर आला. पंच डेल स्कॉट यांनी आधी खेळ थांबवला होता. मग पंचांनी एकत्र येऊन विचार केला आणि धाव मान्य केली. प्रेक्षक चवताळले, मैदानावर बाटल्या आल्या, टोरंटोने अधिकृत निषेध नोंदवला. पुढे होझे बटिस्टाच्या होमरनने टोरंटो ६-३ असं जिंकलं, म्हणून तो निषेध कोणाच्या लक्षात राहिला नाही. पण "बघा, चू बॉक्समध्ये होता म्हणून वाचला" हा धडा मात्र हजारो लोकांनी त्या रात्री पाठ केला.

तो धडा चुकीचा आहे. चू वाचला कारण तो आपल्या जागी उभा होता, खेळाच्या आड येणारी कोणतीही हालचाल त्याने केली नव्हती, आणि मुळात त्या क्षणी कॅचर कोणाला बाद करायला बघतच नव्हता. चौकोनात उभ्या असलेल्या बॅटरला किंवा त्याच्या बॅटला कॅचरची फेक लागली आणि त्यात बॅटरचा हेतू दिसला नाही, तर चेंडू जिवंत, असं पंचांना दिलेलं मार्गदर्शन आहे. म्हणजे संरक्षण आहे ते स्थिर उभं राहण्याला, चुन्याच्या रेषेला नाही. हेतूचा विचार होतो तो इथे, फेक स्वतःहून येऊन अंगावर आदळते तेव्हा. बॅटर स्वतः हलून आडवा येतो तेव्हा होत नाही.

याच गोंधळातून उलट गैरसमज जन्मतो आणि तो लहान मुलांचं जास्त नुकसान करतो. रनर तिसरा बेस चोरायला निघाला की प्रशिक्षक ओरडतात, "मागे हो, कॅचरला जागा दे!" उजव्या हाताने खेळणारा बॅटर तिसऱ्या बेसच्या बाजूला उभा असतो, त्यामुळे कॅचरला त्याच्या पुढून तरी फेकावं लागतं किंवा मागून तरी. पुष्कळ कॅचरना मागून जाऊन फेकायला शिकवलेलं असतं. आता चित्र बघा. चेंडू मिटमध्ये आला, कॅचरने उजवा पाय बॅटरच्या मागे टाकला, आणि नेमकं त्याच क्षणी आज्ञाधारक पोराने प्रशिक्षकाचं ऐकून मागे पाऊल टाकलं. धडक, फेक हुकली, बॅटर बाद. जिथे होता तिथे तो खांबासारखा उभा राहिला असता तर पंचांना काही म्हणायचंच नव्हतं. फेकीसाठी वाट काढणं हे कॅचरचं काम आहे, बॅटरने अंतर्धान पावावं अशी अपेक्षा कोणत्याच पातळीवर नाही. फक्त चेंडू मागे निसटला, तिसऱ्या बेसवरचा रनर घराकडे पळत सुटला आणि प्लेटवर झटापट होणार हे दिसत असलं, तर मात्र वेळ असताना बाजूला व्हायलाच हवं. तिथे खांब बनून राहणाऱ्याला चौकोनही वाचवत नाही.

पातळ्यांमधला खरा फरक दुसरीकडे आहे, आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. बॅट पूर्ण फिरून मागे गेली आणि कॅचरला लागली, तर? मेजर लीगच्या नियमांत ते मुद्दाम नसेल तर फक्त स्ट्राइक मोजला जातो, चेंडू मृत होतो आणि रनर परत जातात. बॅटर त्यासाठी बाद होत नाही. हायस्कूलमध्ये मात्र त्याच झोक्याने कॅचरची फेक अडली तर बॅटर बाद. म्हणजे टीव्हीवर रात्री पाहिलेला निर्णय शनिवारी शाळेच्या मैदानावर लागू होईलच असं नाही, आणि पंचावर पक्षपाताचा आरोप करण्याआधी एवढं माहीत असावं. लिटल लीगमध्ये बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना पिच बॅटरपर्यंत पोचेपर्यंत बेस सोडता येत नाही आणि बेसमधलं अंतरही नव्वदऐवजी साठ फूट असतं, त्यामुळे तिथे सगळी घाई चेंडू मिटमध्ये आल्यावर सुरू होते. ती घाई बॅटरच्या अगदी कुशीत होते, म्हणून गोंधळ जास्त. तिसऱ्या स्ट्राइकवर बाद झालेल्या बॅटरने वर कॅचरची फेकही अडवली, तर व्यावसायिक नियमांत रनरही बाद होतो. हायस्कूलमध्ये दुहेरी बळी खरोखर शक्य होता असं पंचाला वाटलं तरच दुसरा बाद दिला जातो.

बाकीचे समज थोडक्यात निकालात काढता येतील. "पंच इंटरफिअरन्स ओरडले की खेळ तिथेच थांबतो": नाही, कॅचरच्या पहिल्या फेकीवर रनर बाद झाला तर अडथळा झालाच नाही असं धरतात, आणि रनर बाद, बॅटर शाबूत. "नेहमी बॅटरच बाद": दोनपेक्षा कमी बाद असताना रनर होम प्लेट गाठायला बघत असेल, तर बाद होतो तो रनर. "अंगाला अंग लागलं तरच अडथळा": स्पर्शाची अट कुठेच नाही. "बॅट आणि कॅचर भिडले की चूक बॅटरची": मे २०२४ मध्ये सेंट लुईसला जे. डी. मार्टिनेझच्या बॅटने कॅचर विल्सन कॉन्ट्रेरासच्या हाताचं हाड मोडलं, आणि बॅटरला पहिला बेस बहाल झाला, कारण बॅट चेंडूकडे जात असताना कॅचरचा हात तिच्या वाटेत आला होता. १९७५ च्या वर्ल्ड सिरीजमधली एड आर्म्ब्रिस्टर आणि कार्लटन फिस्क यांची टक्कर या वादात ओढू नये. आर्म्ब्रिस्टर चेंडू टोलवून पहिल्या बेसकडे पळत होता, तो नियमच वेगळा.

अधिकृत बेसबॉल नियमपुस्तक मेजर लीगच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं. पण मुलगा किंवा मुलगी खेळते ती लीग तेच पुस्तक वापरते, हायस्कूल संघटनेचं वापरते की लिटल लीगचं स्वतःचं, हे हंगामाच्या पहिल्या सामन्याआधी प्रशिक्षकांना विचारून घ्या. आणि त्याच वेळी त्यांना हेही सांगा की तिसरा बेस चोरला जात असताना "मागे हो" असं ओरडू नका.