मांडवातली साडी, दारावरची साडी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

लग्नसराईत जळगावहून धुळ्याकडे जाणाऱ्या एसटीत बसा. बायकांच्या मांडीवरच्या पिशवीत हमखास एक जास्तीची साडी असते. अंगावर जरीची, पिशवीत साधी. सकाळी धुळ्यात लग्न लावायचे आणि येताना पारोळ्याला किंवा एरंडोलला उतरून कुणाच्या तरी ‘दारावर’ जायचे. दारावर जाणे म्हणजे दुःखाच्या घरी भेटीला जाणे, हे खानदेशी माणसाला सांगायला नको. बाहेरून आलेल्या सुनेला मात्र ते शिकावे लागते.

मी कोकणातली. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात सासूबाई म्हणाल्या, “दारवर जानं शे.” मला वाटले, दारात देव-बिव आहे, तिथे पाया पडायला जायचे असेल. हिरवी काठापदराची साडी नेसले, गजरा माळला आणि तयार होऊन उभी राहिले! सासूबाई रागावल्या नाहीत. त्यांनी गजरा काढून कोनाड्यात ठेवला, ट्रंकेतली फिकट सुती साडी माझ्या हातात दिली आणि वाटेत एवढेच सांगितले, “पदर डोक्यावर राहू दे, आणि पाणी विचारलं तर घोटभर घे.” कपड्याची किंमत आपल्याकडे कुणी पाहत नाही असे मी म्हणणार नाही, चांगलीच पाहतात. पण त्याआधी पाहतात ते हे, की ही बाई कशाला आली आहे ते तिच्या कपड्यावरून कळते का.

पुरुषांचे त्या मानाने सोपे. पांढरी टोपी आणि उपरणे मांडवातही चालते आणि गंधमुक्तीलाही. १९३६ साली आपल्या फैजपूरला काँग्रेसचे खेड्यातले पहिले अधिवेशन भरले, तेव्हा या टोपीला देशकार्याचा मान होता. पुढे तो मान घरगुती झाला. टॉवेल-टोपी देणे म्हणजे पाहुण्याची दखल घेणे. एखाद्या व्याह्याला टोपी द्यायची राहिली, तर तो जेवून जातो, पण पुढची दहा वर्षे विसरत नाही. आता तरुण मुले टोपी घालत नाहीत. लग्नात फेटेवाला रांगेने सगळ्यांना फेटे बांधून देतो, करवल्यांनासुद्धा. दुःखाच्या ठिकाणी मात्र खिशातला रुमाल अजूनही डोक्यावर येतो. टोपी गेली तरी तिची जागा शिल्लक आहे.

एक गोष्ट मला कधी समजली नाही. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो, आणि त्याच महिन्यात आम्ही नवरदेवाला कोट घालून घोड्यावर बसवतो. कापूस पिकवणारा हा मुलूख, आणि लग्नात अंगावर सगळे पॉलिस्टर! मध्यंतरी नवरदेवाच्या वडिलांसाठी सफारी सक्तीची होती, ती गेली. आता हळदीला सगळ्यांनी पिवळेच घालून यावे, असा निरोप मोबाइलवर येतो. पूर्वी हळदीला जुने कपडे घालून जात, कारण ते खराब होणारच असत.

अगदी मोकळेपणाने नटायचा दिवस म्हणजे कानबाईचा. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाला नथ-दागिने घालून देवीलाच आधी नटवायचे आणि मग घरच्या बायकांनी. त्या दिवशी कोणती साडी, हा प्रश्न कुणी विचारत नाही. काळी मात्र तिथेही नको. ती संक्रांतीला.

हे सगळे आपलेच खूळ आहे असे समजू नका. इटलीत ‘बेला फिगुरा’ असा शब्द आहे. चारचौघांत प्रसंगाला साजेसे, नीटनेटके दिसणे, असा त्याचा साधारण अर्थ. रोमच्या सेंट पीटर्स चर्चमध्ये खांदे आणि गुडघे उघडे असतील तर आत सोडत नाहीत. आणि त्या देशाच्या दक्षिणेकडच्या खेड्यांत नवरा गेला, की बाई वर्षानुवर्षे काळे कपडे घालायची, पुष्कळदा जन्मभर. आपल्याकडे तिच्या वाट्याला फिकट रंग आला, तिकडे काळा आला, एवढाच फरक.

इथे मला माझ्या आत्तेसासूबाई आठवतात. तिशीतच त्यांचे यजमान गेले. त्यानंतर घरातल्या प्रत्येक लग्नात त्या विटक्या बदामी साडीत, मांडवात नाही तर भाजीच्या पातेल्याशी. आहेरात त्यांना साडी मिळे, पण ती ‘घेण्यादेण्याची’, म्हणजे फॉल-बिडिंग न करता पुढच्या कार्यात दुसऱ्या कुणाच्या तरी ओटीत जाणारी. त्यांच्यासाठी म्हणून निवडलेली एकही नाही. त्यांना रंग आवडत नसतील, असे आम्ही सगळ्यांनी सोयीने धरून चाललो होतो. मीसुद्धा.

२०२२च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसे करण्याचे आवाहन केले. ठरावाने बांगड्या वाचतात. मांडवात कुणाला पुढे बसवायचे, कुणाला कोणती साडी घ्यायची, हे मात्र घरातच ठरते.

आमच्याकडे ते माझ्या मुलीने ठरवले. तिच्या लग्नात सगळ्या आत्या-मावश्यांना एकाच रंगाच्या डाळिंबी साड्या घेतल्या होत्या, त्यात एक आत्याआजींची. फॉल लावून, ब्लाउज शिवून. त्या नको-नको म्हणाल्या. दोन जावांनी एकमेकींकडे पाहिले, तेही मी पाहिले. मग त्या आत गेल्या आणि बऱ्याच वेळाने साडी नेसून बाहेर आल्या. पदर डोक्यावर होताच. मांडवात येऊन त्यांनी शेजारी बसलेल्या बाईला विचारले, “फार भडक तर नाही ना दिसत?”

ती साडी त्यांनी पुढे कुणाच्या ओटीत घातली नाही.