केरळचा शालेय कलोत्सव : वर्गाबाहेरचे शिक्षण

४ जानेवारी २०२५ रोजी तिरुवनंतपुरम येथे केरळ राज्य शालेय कलोत्सवाच्या उद्घाटनप्रसंगी वेल्लारमला येथील शासकीय शाळेच्या विद्यार्थ्यांनी समूहनृत्य सादर केले. वायनाड जिल्ह्यातील ही शाळा ३० जुलै २०२४ च्या भूस्खलनात उद्ध्वस्त झाली होती आणि तिचे वर्ग मेप्पाडी येथे हलवावे लागले होते. आपत्ती आणि तीतून सावरण्याची धडपड हाच त्या नृत्याचा विषय होता. गुण वा पारितोषिक यांच्याशी या सादरीकरणाचा संबंध नव्हता. इमारत नाहीशी झाल्यानंतरही शाळा म्हणून काय शिल्लक राहते, याचे ते दर्शन होते.

केरळ राज्याची स्थापना १ नोव्हेंबर १९५६ रोजी झाली आणि जानेवारी १९५७ मध्ये एर्नाकुलम येथे पहिला शालेय कलोत्सव भरला. आज त्याची गणना आशियातील सर्वांत मोठ्या शालेय कला महोत्सवांमध्ये होते. प्रथम शाळेत, नंतर उपजिल्हा व जिल्हा स्तरावर आणि अखेरीस राज्य स्तरावर स्पर्धा होतात. राज्याच्या रंगमंचावर पोहोचणारे विद्यार्थी त्या मानाने थोडेच. परंतु त्यांच्यामागे गावोगावच्या शाळांत अनेक महिने चाललेल्या तालमी असतात. महोत्सवाचे खरे कार्य तेथे घडते, असे म्हणावे लागेल. १९५८ च्या महोत्सवात शास्त्रीय गायनात के. जे. येसुदास आणि मृदंगवादनात पी. जयचंद्रन प्रथम आले होते. पुढे हे दोघेही दक्षिणेतील नामवंत पार्श्वगायक झाले.

कलोत्सवात भरतनाट्यम, मोहिनीआट्टम, कथकळी यांच्याबरोबरच चेंडावादन, एकपात्री प्रयोग, नक्कल, निबंध, काव्यलेखन आणि चित्रकला यांनाही स्थान आहे. मुस्लिम विवाहसमारंभातील ओप्पना आणि सीरियन ख्रिस्ती समाजातील मार्गमकळी या समूहनृत्यांच्या स्पर्धा होतात. त्यांतील संघ शाळेचा असतो, समाजाचा नव्हे. त्यामुळे ज्या घरात ती गाणी कधी म्हटली गेली नाहीत, त्या घरातील मुलगीही ती ठेक्यासह आत्मसात करते. नागरिकशास्त्राच्या पुस्तकातील सामाजिक सलोख्याच्या धड्यापेक्षा हा अनुभव निश्चितच अधिक काळ स्मरणात राहणारा आहे.

२०२५ मध्ये मंगलंकळी, पणिय नृत्य, इरुळ नृत्य, पलिय नृत्य आणि मलपुलय आट्टम या पाच आदिवासी कलाप्रकारांचा स्पर्धेत प्रथमच समावेश झाला. हा बदल होण्यास महोत्सवाच्या प्रारंभापासून सहा दशकांहून अधिक काळ जावा लागला. आदिवासी पाड्यांतील मुले जी नृत्ये लहानपणापासून पाहत आली, ती शाळेच्या दृष्टीने आतापर्यंत 'कला' नव्हती. आता त्यांचे प्रशिक्षण देण्यासाठी त्या समाजांतील जाणकारांना शाळांत पाचारण करावे लागते. घरचे ज्ञान शाळेने मान्य केल्यावर त्या विद्यार्थ्याचे वर्गातील स्थानही बदलते.

मात्र या उत्साहाला दुसरी बाजूही आहे. सर्वाधिक गुण मिळविणाऱ्या जिल्ह्याला ११७.५ पवनांचा सुवर्णचषक दिला जातो. २०२५ मध्ये त्रिशूर जिल्ह्याने १,००८ गुणांसह तो पटकावला. पालक्काडला १,००७ गुण मिळाले होते. एका गुणाने चषक हुकत असेल तर परीक्षकांच्या प्रत्येक निर्णयावर वाद उद्भवणे स्वाभाविक ठरते. शिवाय श्रेणीनुसार शालान्त परीक्षेत वाढीव गुण मिळत असल्याने पालकांचेही हितसंबंध त्यात गुंततात. निकालांविरुद्धची अपिले थेट न्यायालयांपर्यंत गेली आहेत. शास्त्रीय नृत्याची वेशभूषा, रंगभूषा आणि खासगी गुरूंचे शुल्क सामान्य कुटुंबाला परवडणारे नसते. वैयक्तिक ईर्ष्या कमी व्हावी म्हणून कलातिलकम आणि कलाप्रतिभा हे सर्वोत्कृष्ट स्पर्धकांचे किताब बंद करण्यात आले. खर्चाचा प्रश्न मात्र त्याने सुटला नाही.

क्रीडाक्षेत्रातही केरळने शाळेलाच केंद्र मानले. १९७६ मध्ये कन्नूर येथे मुलींसाठी सुरू झालेल्या क्रीडा विभागात पी. टी. उषा यांनी ओ. एम. नंबियार यांच्या मार्गदर्शनाखाली सराव केला. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत त्यांचे कांस्यपदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकले. नोव्हेंबर २०२४ मध्ये कोची येथे झालेल्या राज्य शालेय क्रीडा स्पर्धेत दिव्यांग विद्यार्थ्यांनाही सामावून घेण्यात आले. मैदान केवळ वेगवान धावणाऱ्यांसाठी नाही, हे त्यातून मान्य झाले.

राष्ट्रीय स्तरावर २०१५ पासून कला उत्सव आयोजित केला जातो. अभ्यासक्रम आणि अभ्यासेतर उपक्रम यांत काटेकोर भेद नसावा, अशी भूमिका २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने घेतली आहे. महाराष्ट्रातील शाळांना वार्षिक स्नेहसंमेलनाची परंपरा आहे; परंतु परीक्षा जवळ आली की चित्रकलेच्या आणि खेळाच्या तासांना प्रथम कात्री लागते, हा अनुभव तेथेही नवा नाही.

कोविड साथीमुळे २०१९ च्या कान्हंगाड येथील महोत्सवानंतर केरळचा कलोत्सव थेट जानेवारी २०२३ मध्ये कोळिकोड येथे भरला. मधल्या दोन शैक्षणिक वर्षांत जे विद्यार्थी बारावीत होते, ते शाळेतील शेवटच्या वर्षी त्या रंगमंचावर पाऊल न ठेवताच बाहेर पडले.