देवळातून जाणारा कालवा

नान्झेन्जी हा क्योतोतल्या थोर झेन मठांपैकी एक. सम्राट कामेयामा यांनी १२९१ साली आपला महाल देऊन त्याची स्थापना केली. आवारात शिरताना लागणारा बावीस मीटर उंचीचा लाकडी दरवाजा १६२८ सालचा आहे. आतल्या दालनांच्या सरकत्या दारांवर कानो घराण्याच्या चितार्‍यांनी रंगवलेले वाघ आहेत आणि दालनापुढे पांढर्‍या रेतीची, मोजक्या दगडांची कोरडी बाग. इथपर्यंत सगळं पर्यटकाच्या अपेक्षेबरहुकूम. पण उजव्या हाताला वळलं, की झाडीत लाल विटांच्या कमानींची लांबलचक रांग दिसते. झेन मठाच्या अंगणात हे रोमन प्रकरण कुणी आणून ठेवलं, असा प्रश्न पडल्याशिवाय राहत नाही.

याचं नाव सुइरोकाकु. हा जलसेतू आहे. लांबी त्र्याण्णव मीटर, रुंदी चार मीटर. कमानींखाली भाड्याचे किमोनो नेसलेल्या मुलींची फोटोसाठी झुंबड असते. शेजारच्या पायवाटेने वर जाणारे त्या मानाने थोडेच. वर गेलं की कळतं, ही सजावट नव्हे. कमानींच्या माथ्यावरून पाट काढलेला आहे आणि त्यातलं पाणी आजही चांगल्या वेगाने धावतं. ते येतं डोंगरापलीकडच्या बिवा सरोवरातून.

मुंबईचं बोरीबंदर स्टेशन आणि हा जलसेतू एका वयाचे. दोन्ही १८८८ साली पूर्ण झाले. क्योतोची माहितीपत्रकं हजार वर्षांचं जुनेपण विकतात आणि ते खोटंही नाही. पण शहराच्या पूर्वेकडच्या ज्या बागांमधलं झुळझुळतं पाणी पाहून आपण ‘प्राचीन जपान’ म्हणून उसासे टाकतो, त्यांतल्या बर्‍याच बागा या कालव्याच्या पोटी जन्मलेल्या आहेत. त्यांच्या मुळाशी ध्यानधारणा नाही, गिरण्यांचं गणित आहे.

झालं असं, की १८६९ मध्ये सम्राट तोक्योला गेले. हजार वर्षांची राजधानी एकाएकी पोरकी झाली. दरबारी गेले, त्यांच्या मागोमाग व्यापारी गेले, लोकसंख्या घटली. १८८१ मध्ये गव्हर्नर म्हणून आलेल्या कितागाकी कुनिमिची यांनी ठरवलं, की गावाला कारखाने हवेत, कारखान्यांना पाणी हवं, आणि पाणी हवं तर बिवा सरोवराकडे हात पसरायला हवा. जपानचं हे सर्वांत मोठं सरोवर शेजारच्याच शिगा प्रांतात, पण मध्ये डोंगर आडवा.

या कामावर त्यांनी नेमला तानाबे साकुरो नावाचा नुकता पदवीधर झालेला पोरगा. तोक्योच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात त्याने प्रबंधच या कालव्यावर लिहिला होता. पाहणी करताना उजव्या हाताला इजा झाली, म्हणून डाव्या हाताने नकाशे काढले. त्या काळात जपानमध्ये मोठी बांधकामं परदेशी तज्ज्ञांच्या देखरेखीखाली होत. इथे ते टाळलं. १८८५ मध्ये काम सुरू झालं. पहिला बोगदाच २,४३६ मीटरचा. दोन्ही तोंडांकडून खोदत बसलं तर फार वेळ गेला असता, म्हणून डोंगराच्या पाठीवरून खोल विहीर पाडून मधूनही खोदाई केली. विटा मिळेनात, तर विटांचा कारखाना काढला. खर्च साडेबारा लाख येनच्या घरात गेला. सम्राटांनी जाताना दिलेली रक्कम त्यात ओतली, वर नागरिकांवर जादा कर बसवला. कराचं स्वागत जगात जसं होतं तसंच तिथेही झालं.

मठातून कमानी नेण्याची पाळी का आली, त्याचंही कारण आहे. मागच्या बाजूने बोगदा काढायचा पहिला बेत होता, पण तिथे कामेयामा सम्राटांचं समाधिस्थान. त्याखालून खोदणं बरं दिसेना. मग पाणी उघड्यावरून, मठाच्या आवारातूनच न्यायचं ठरलं. पवित्र जागेची शोभा घालवली म्हणून टीकाही झाली. आज तीच विटांची रांग लग्नाच्या फोटोंची आवडती जागा आहे.

कालवा १८९० मध्ये खुला झाला. त्याआधीच एक मोठी कलाटणी मिळाली होती. मूळ आराखड्यात पूर्वेच्या डोंगरपायथ्याशी ओळीने पाणचक्क्या आणि त्यांच्यावर चालणारे कारखाने होते. १८८८ मध्ये तानाबे अमेरिकेत गेले, कोलोरॅडोतल्या अ‍ॅस्पेन इथे पाण्यावर वीज तयार होताना पाहिली आणि परत येऊन पाणचक्क्यांचा बेत गुंडाळला. १८९१ मध्ये कालव्यावरच्या केआगे या ठिकाणी वीजकेंद्र सुरू झालं. वीज तारेतून कुठेही नेता येते, कारखाना पाण्याशेजारी असायची गरज उरत नाही. १८९५ मध्ये याच विजेवर जपानची पहिली विद्युत ट्राम क्योतोच्या रस्त्यांवरून धावली. बोटींसाठी केआगेला ५८२ मीटरचा उतार बांधला होता. बोट पाण्यातून थेट चाकांच्या गाड्यावर चढवायची आणि विजेच्या जोरावर रुळांवरून खालच्या पाण्यात सोडायची. आगगाडीपुढे बोटींचा निभाव लागला नाही, १९४८ मध्ये ही ने-आण थांबली. रूळ अजून आहेत, दोन्ही बाजूंना साकुराची, म्हणजे चेरीची झाडं. या उताराखालून जाणारा पादचारी बोगदा मात्र चुकवू नये. वरचा भार तिरपा येतो म्हणून आतल्या विटा पिळल्यासारख्या तिरक्या रचल्या आहेत. आत उभं राहून वर पाहिलं तर सगळी कमान गिरकी घेतेय असं वाटतं.

तर, पाणचक्क्या रद्द झाल्या आणि डोंगरपायथ्याची जमीन मोकळी पडली. त्यातली पुष्कळशी एकेकाळी नान्झेन्जीची. मेइजी सरकारने मठांच्या जमिनी काढून घेतल्या तेव्हा हातची गेलेली. शहर जवळ, डोंगर समोर, आणि दाराशी वाहतं पाणी. श्रीमंतांच्या नजरेतून अशी जागा सुटते थोडीच! कारखान्यांच्या जागी बंगले आले.

त्यांतला आज कुणालाही तिकीट काढून पाहता येतो तो मुरिनआन. हा यामागाता आरितोमो यांचा. दोनदा पंतप्रधान झालेला हा लष्करी गडी बागेच्या बाबतीत हट्टी होता. जपानी बागेत तळं म्हणजे समुद्र, दगड म्हणजे बेटं, असा संकेत. यामागातांना समुद्र नको होता, गावाकडचा ओढा हवा होता. १८९४ ते ९६ या काळात ही बाग उभी केली ओगावा जिहेई या माळ्याने. त्याच्या घराण्यातला तो सातवा जिहेई.

जागा निमुळती, पूर्वेकडे टोक होत गेलेली. त्या टोकाशी तीन टप्प्यांचा धबधबा आहे, कालव्याचं पाणी तिथून आत येतं. मग ते पसरट ओढ्यांत फुटतं. खोली इतकी कमी, की मुलाचा घोटा जेमतेम भिजेल. जिहेईची करामत दिसते ती या उथळपणात. तळाशी बारके गोटे, मध्येच एखादा आडवा दगड. त्यावरून पाणी घसरतं तिथे एक आवाज, दोन दगडांच्या फटीतून निघतं तिथे वेगळा. तातामी चटयांच्या खोलीत बसून डोळे मिटले तर ओढा कुठे वळला ते कानाने सांगता येतं. समोर हिगाशियामाचा डोंगर; कडेची झाडं अशी छाटून ठेवलेली, की मधलं शहर गायब होतं आणि डोंगर थेट बागेला येऊन टेकतो. यामागातांनी हिरवळ लावली होती; या ओलाव्यात तिथे शेवाळं माजलं. म्हातार्‍याला ते आवडलं आणि ते राहिलं. आजचे माळीसुद्धा सगळं रान खुडून टाकत नाहीत. गवतात आपोआप उगवलेल्या फुलांपैकी कुठलं ठेवायचं, कुठलं काढायचं, याचा निवाडा हा त्यांच्या कामाचा भाग आहे.

याच आवारात विटांचं दुमजली विलायती घर आहे. वरच्या खोलीत एप्रिल १९०३ मध्ये यामागाता, ज्येष्ठ राजकारणी इतो हिरोबुमी, पंतप्रधान कात्सुरा आणि परराष्ट्रमंत्री कोमुरा यांनी रशियाबाबतच्या धोरणाची खलबतं केली. पुढच्याच वर्षी युद्ध पेटलं. बाग पाहून मन निवळतं वगैरे म्हणणार्‍यांनी ही खोली जरूर पाहावी.

शेजारचे बाकीचे बंगले बहुतेक खासगी. भिंतीपलीकडून पाण्याचा आवाज ऐकायचा आणि पुढे जायचं. जिहेईचं दुसरं मोठं काम पाहायला हेइआन मंदिरात जावं. तेही प्राचीन नाही. राजधानीच्या स्थापनेला अकराशे वर्षं झाली म्हणून १८९५ मध्ये बांधलेलं. तिथल्या एका तळ्यात पाऊल टाकत जायचे गोल दगड आहेत, ते सत्ताधीश हिदेयोशीच्या काळातल्या सान्जो आणि गोजो पुलांचे जुने खांब. तळ्यात पाणी कालव्याचं, त्यामुळे सरोवरातले मासेही पाण्याबरोबर आले. त्यातली इचिमोन्जी-तानागो ही छोटी मासळी बिवा सरोवरातून नाहीशी झाली, या तळ्यात मात्र टिकून आहे.

‘तत्त्वज्ञाची वाट’ म्हणून जगप्रसिद्ध झालेला, गिन्काकुजी मंदिराकडे जाणारा रस्ताही याच कालव्याच्या फाट्याच्या काठाने जातो. निशिदा कितारो हे तत्त्वज्ञ तिथे फिरत, म्हणून हे नाव. साकुराच्या दिवसांत तिथे गर्दीमुळे विचार करणं अशक्य. क्योतोच्या नद्या दक्षिणेकडे वाहतात आणि हा फाटा उत्तरेकडे, एवढं तरी बघून घ्यावं.

जलसेतू, उतार आणि तीन बोगदे २०२५ मध्ये ‘राष्ट्रीय ठेवा’ ठरले. म्हणजे बुद्धमूर्ती आणि पॅगोडे यांच्या पंगतीत आता विटांचा पाटही बसला. सरोवरकाठच्या ओत्सुहून केआगेला येणार्‍या पर्यटकांच्या बोटी २०१८ पासून पुन्हा सुटतात, वसंतात आणि शरदात.

क्योतोच्या नळाचं पाणीही जवळजवळ सगळं बिवाचंच, आणि त्यापोटी क्योतो शहर शिगा प्रांताला दरवर्षी कृतज्ञता म्हणून रक्कम देतं. तरीही क्योतोकर जरा तोर्‍यात बोलू लागले, की शिगावाले हमखास म्हणतात, ‘बिवाचं पाणी बंद करू का?’ त्यावर क्योतोचं उत्तरही तयार असतं: ‘करा की, बुडाल तुम्हीच!’